कबरीची जागा, रिकामी, एक

माझ्या बाबांनी माझ्या आईला फसवलं. बाबा मेथडिस्ट पाळक होते, त्याआधी फौजेत शिपाई होते, एक लढाई बघून आले होते, आणि त्यांना ओळखणाऱ्या कुणालाही हे वाक्य पटणार नाही. मलाही पटायला वेळ लागला. पण ते खरं आहे, म्हणून सुरुवातीलाच लिहून टाकते.

आईनं मरताना एकच गोष्ट मागितली होती. तुमची वेळ आली की माझ्या शेजारी या, एवढीच. बाबा हो म्हणाले. मी खाटेच्या पायथ्याशी उभी होते, वीस वर्षांची. अमरावतीच्या कब्रस्तानात आईच्या डाव्या बाजूला त्यांनी एका कबरीपुरती जागा सोडली, भोवती विटांची ओळ लावली. आणि दोन वर्षांनी ती जागा देऊन टाकली. तिला विचारलं नाही, म्हणजे ती होतीच कुठे. पण मलाही विचारलं नाही. आज तिथे एसटीतला एक निवृत्त कंडक्टर आहे.

मी संत्र्यांचा धंदा करते. अकोल्यात राहते, माल चांदूर बाजार आणि अंजनगाव सुर्जीकडून उचलते. बगीचा उक्ता घ्यायचा, म्हणजे झाडावरची फळं नजरेनं मोजून सगळ्या बागेचा एकच भाव करायचा, ते मी पंचवीस वर्षं करते आहे. पुरुष व्यापारी रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून भाव ठरवतात. बाईचा हात रुमालाखाली कोण घेणार, म्हणून मी पहिल्या दिवसापासून भाव तोंडानं बोलले, चारचौघांत, मोठ्यानं. त्याचा मला फायदाच झाला. मोठ्यानं बोललेला भाव माणसाला फिरवता येत नाही. तरी मी लिहून घेते. माझ्याकडून कुणी लिहिल्याशिवाय काही नेलं नाही आणि मी कुणाचं लिहिल्याशिवाय काही मानलं नाही. बाबांना हे आवडायचं नाही. त्यांना वाटायचं, मी माणसांवर विश्वास ठेवत नाही. ते बरोबर होतं.

बाबा निवृत्त झाल्यापासून माझ्याकडेच राहतात. यंदा उन्हाळ्यात ते मोरीत पडले. हाड मोडलं नाही, पण तपासताना डॉक्टरांनी हृदयाचं सांगितलं. वर्ष म्हणा, सहा महिने म्हणा. बाबांनी पंचाहत्तरी ओलांडलेली आहे, त्यांनी मान हलवली, जशी एखाद्या बदलीच्या हुकुमाला हलवायचे. मी घरी आले आणि पहिला विचार काय केला, तर आईशेजारच्या जागेचा कागद कुठे आहे. दुसऱ्या कुणाला रडू आलं असतं. मला कागद आठवला. शोधला, सापडला नाही. मग लक्षात आलं की कागद कधी झालाच नव्हता. विटांची ओळ होती फक्त. बाबांच्या शब्दावर मी तीस वर्षं बसले होते, आणि बाजारात मी सख्ख्या भावाच्या शब्दावर एक क्रेट दिलं नसतं.

म्हणून कागद करून घ्यायला मी अमरावतीला गेले.

तिथे काय झालं ते सांगण्याआधी बाबांच्या नोकरीची रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही.

मेथडिस्ट पाळक एका जागी राहत नाही. वर्षातून एकदा सगळ्या पाळकांची परिषद भरते आणि शेवटच्या दिवशी बिशप नेमणुका वाचून दाखवतात. कुणाचं नाव कुठल्या गावापुढे येईल ते तोवर पक्कं नसतं. नाव वाचलं की उभं राहायचं, बसायचं, घरी येऊन सामान बांधायचं. माझ्या आठवणीत आम्ही नऊ पाळकबंगले बदलले. बंगला हे नुसतं नाव. दोन खोल्या आणि गळकं न्हाणीघर असलं तरी तो बंगलाच. भिंत मंडळीची, म्हणजे चर्चची, असते म्हणून आई भिंतीत खिळा ठोकत नसे. आरसा खिडकीत टेकवून वेणी घालायची. एकदा भातकुलीकडच्या एका बंगल्यात मी कॅलेंडरसाठी खिळा मारला, तर बाबांनी जाताना तो उपटला, भोकात चुना भरला, आणि खिळा सरळ करून स्टोअरच्या डब्यात टाकला.

निघायच्या आदल्या दिवशी चार्ज देणं असायचं. पुढचा पाळक आलेला असायचा. बाबा वही उघडून एकेक वस्तू वाचायचे आणि नवा पाळक ती हातानं दाखवायचा. घंटा, एक. घंटेची दोरी, एक. वेदीचं कापड, लाल, एक. प्रभुभोजनाचे छोटे पेले, बावीस, पैकी तडा गेलेला एक. खुर्च्या, पाय मोडलेली धरून, अकरा. बाबा हे मंडळीच्या भाषेत लिहायचे पण मोजायचे फौजेच्या हिंदीत. दो नग, तीन नग. मग खाली दोन सह्या. चार्ज देणार, चार्ज घेणार. सह्या झाल्यावर बाबांचा चेहरा मोकळा व्हायचा. आई त्यावेळी टांगा किंवा टेम्पो आला का बघायला बाहेर उभी असायची. आमचं स्वतःचं सामान म्हणजे दोन पेट्या, त्यातली एक बाबांची फौजेची, हिरवी.

फौजेबद्दल बाबा बोलायचे नाहीत. लोक बोलायचे. स्वातंत्र्यदिनाला झेंड्याजवळ त्यांना उभं करायचे, पाळकसाहेब एकाहत्तरच्या लढाईत होते म्हणून सांगायचे. बाबा पांढरा झगा घालून उभे राहायचे आणि कुणी प्रश्न विचारला तर म्हणायचे, थंडी फार होती. पोरं हसायची. लढाईत काय होतं तर थंडी होती.

मॅट्रिक झाल्यावर ते भरती झाले, लढाईनंतर वर्षभरात सोडून आले, पाळकाचं शिक्षण घेतलं, लग्न केलं. फौज सोडली ती का, हे आईला माहीत होतं की नाही, मला माहीत नाही. असेल तर तिनं सांगितलं नाही.

आईच्या किडन्या गेल्या तेव्हा आम्ही अमरावतीत होतो. शेवटचे दोन महिने ती बोलली फार कमी. एक दिवस सकाळी तिनं बाबांना खाटेवर बसायला सांगितलं. खाटही मंडळीची होती.

ती म्हणाली, “मले आता इथून कुठं हलवू नका. आन तुमची येळ आली का माह्या बाजूले या. मले एक तरी जागा पक्की पायजे.”

बाबा म्हणाले, “येतो.”

तेवढंच. मी साक्षीला होते. मी आजही कुठल्याही कोर्टात हे सांगेन.

तर मी अमरावतीला गेले. कब्रस्तानात मी पाच वर्षं पाय ठेवला नव्हता. आधी दर ईस्टरला पहाटे जायचो, कबरींमध्ये उभं राहून उपासना व्हायची, मग चुना, फुलं. करोनात बंद पडलं ते माझं बंदच राहिलं. हंगाम, गाड्या, मजूर, कारणं होती. हा माझा गुन्हा आहे आणि तो मी दुसऱ्याच्या माथी मारत नाही.

फाटकापासून आईची कबर मला डोळे मिटून सापडते. सापडली. डाव्या बाजूला विटांची ओळ नव्हती. काळा ग्रॅनाइट होता, चकचकीत, वर एका माणसाचं नाव आणि खाली, वाहक, निवृत्त. एक म्हातारी बाई छोट्या पाटावर बसून गवत उपटत होती. दोन्ही कबरींवरचं. आईच्या कबरीवर ताजा झेंडू होता.

मला वाटलं होतं मी ओरडेन. मला बाजारात ओळखतात ते माझ्या आवाजावरून. पण मी नुसती उभी राहिले. पायात एक खडा टोचत होता तोही काढला नाही.

बाईनं वर बघितलं. “तुमी पाळकसाहेबाची पोरगी ना? नाक तेच हाये.”

मी विचारलं, हे कोण. ती म्हणाली, माझा माणूस. मग तिनं मला सगळं सांगितलं, मी न विचारता, पाट सरकवून मला बसायला देत. दुसऱ्या लाटेत तो गेला. त्या दिवशी तीन शवपेट्या आल्या होत्या आणि खोदायला जागा उरली नव्हती. भिंतीकडची जमीन अजून मिळालेली नव्हती. तेव्हाचे पाळक वही घेऊन उभे होते. वहीत एक जागा रिकामी दिसत होती, ही. त्यांनी माझ्या बाबांना अकोल्याला फोन लावला, की साहेब, तुमच्या पत्नीच्या शेजारची आहे, काय करू. बाबा म्हणाले, वहीत रिकामी आहे ना, मग द्या.

“पीपीई घातलेल्या दोघायनं उतरवलं त्याले,” बाई म्हणाली. “मले फाटकातच थांबवलं. तुमच्या बाबानं जागा देली नसती तं त्याले कुठं नेलं असतं त्यायनं, मले मालूम नाई. रोज त्याईचं नाव निंगते माह्या तोंडून.”

तिला वाटलं मला वाईट वाटतं आहे, म्हणून तिनं मला हसवायचा प्रयत्न केला. “पाळकीनबाई शांत हाये बाप्पा. माहा मानूस लय घोरे. तिले तरास होत असन.”

मला खरंच हसू आलं. आईला बस लागायची. परतवाड्याला जाताना एकदा कंडक्टरच्या पँटवर उलटी केली होती तिनं, आणि नंतर आठवडाभर त्याची लाज धरून बसली होती. ते मी बाईला सांगितलं नाही. मी तिला झेंडू कुठून आणते विचारलं. घरचाच आहे म्हणाली. पाच वर्षं माझ्या आईच्या कबरीची फुलं एका परक्या बाईच्या कुंडीतून येत होती. तिच्याशी भांडायचं काही कारण मला सापडलं नाही. मी शोधलं, नाही असं नाही.

तिथून मी चर्चच्या ऑफिसात गेले. आताचे पाळक तरुण आहेत, माझ्या मुलाच्या वयाचे म्हणता येतील. त्यांनी सलाम केला, चहा मागवला. मी म्हटलं, चहा राहू द्या, मला सांगा, त्या जागेचं वहीत नाव कसं आलं. मला खात्री होती की मधल्या कुणीतरी घोटाळा केलेला आहे. पाळक बदलत राहतात, वह्या या हातातून त्या हातात जातात, कुणीतरी जागा रिकामी दाखवून मोकळं झालं असेल. तो माणूस कोण, तेवढं मला हवं होतं. मी गाडीत त्याला काय बोलायचं ते जुळवत आले होते.

पाळकांनी लोखंडी पेटी उघडून जुन्या चार्जच्या वह्या काढल्या. अर्धा तास लागला. मग त्यांनी एक पान माझ्यासमोर ठेवलं आणि स्वतः खिडकीकडे बघत बसले.

अक्षर बाबांचं होतं. बाबांचं अक्षर मी लाखात ओळखेन, छापल्यासारखं, प्रत्येक मात्रा जागच्या जागी. आई गेल्यावर दोन वर्षांनी आमची बदली झाली त्या वेळची यादी. घंटा. दोरी. लाल कापड. पेले, एकवीस. खुर्च्या. शिडी, बांबूची, एक. आणि शिडीच्या खाली, सगळ्यात शेवटी: कबरीची जागा, रिकामी, एक. दिवंगत पाळकपत्नीच्या डाव्या बाजूस.

खाली सही. चार्ज देणार.

मी ते पान दोनदा वाचलं. मग तिसऱ्यांदा, जसं मी कुठलाही करार वाचते, मागून पुढे. पळवाट नव्हती. तरी मी भांडले. माझी सवय आहे, तोंड आपोआप चालतं. मी म्हटलं, यावर कमिटीची सही नाही. जागा एका माणसाच्या नावानं राखलेली होती, ती सगळ्या मंडळीनं पंचवीस वर्षं बघितली आहे. वकील आणते. त्या तरुण माणसानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, ताई, राखून ठेवल्याची नोंदच नाही. साहेबांनी त्या वेळी स्वतःच पाळक असल्यानं स्वतःच विटा लावल्या. कमिटीला विचारलं नव्हतं. मला वाटतं, जाताना त्यांना तेच टोचलं असेल.

मग त्यांनी तोडगे सुचवले. भिंतीकडे आता नवी जमीन मिळाली आहे, तिथे चांगली जागा देतो. मी जाऊन पावलांनी मोजलं. आईपासून एकेचाळीस पावलं. दुसरा तोडगा असा की बरीच वर्षं झालेली कबर उघडून त्यातच दुसरी पेटी ठेवता येते, घरची हरकत नसेल तर. नवरा-बायकोला पुष्कळ जण तसंच ठेवतात, ताई. तेही बाजूबाजूलाच झालं.

हा सौदा वाईट नव्हता. दुसऱ्या कुणाचं असतं तर मी म्हटलं असतं, घे आणि गप्प बस. पण आई म्हणाली होती, मला हलवू नका. तिची कबर उघडायची म्हणजे कुदळ तिच्यावर चालवायची. नऊ बंगले झाले, दहाव्यांदा तिचं सामान हलवायचं. मी नाही म्हटलं.

निघताना पाळक म्हणाले, “ताई, साहेबांनी फसवलं असं म्हणू नका. त्यांनी प्रामाणिकपणा केला.”

मी म्हटलं, “ज्याची वस्तू त्याले न इचारता दुसऱ्याले देली तं आमच्या धंद्यात त्याले प्रामाणिकपणा म्हनत नाई, साहेब.”

परत येताना मूर्तिजापूरला चहा घेतला. साखर नुसती ओतली होती. एरवी मी ग्लास परत केला असता आणि दोन शब्द सुनावले असते. त्या दिवशी प्यायले. रस्त्यावर संत्र्यांच्या दोन गाड्या ओलांडल्या, त्यातली एक माझी होती, ड्रायव्हरनं हात केला. मी हात वर केला की नाही आठवत नाही. राग यायला हवा होता. रागावर मी घर बांधलं आहे, दोन गाड्या घेतल्या आहेत. तो आला नाही. आत एक जागा सुन्न झाली होती, दाताला इंजेक्शन दिल्यावर ओठ होतो तशी. आहे हे कळतं, पण आपला वाटत नाही.

बाबा मागच्या पडवीत खुर्चीवर बसले होते. दुपार होती. मी चप्पलही काढली नाही. म्हटलं, जाऊन आले, कंडक्टर बघून आले. यादी पण बघितली.

बाबांनी चष्मा काढला. मग म्हणाले, “चार्ज देताना पूर्न द्या लागते.”

मी विचारलं, ती जागा मंडळीची होती की आईची. ते म्हणाले, जमीन मंडळीची. मी पाळक होतो म्हणून विटा लावू शकलो. साधा मेंबर असतो तर लावता आल्या असत्या का? नसत्या. मग ती मी पदाच्या जोरावर घेतलेली वस्तू झाली. अशी वस्तू लपवून मी यादी कशी देऊ?

मी म्हटलं, लपवायची कुणी सांगितली, कमिटीपुढे अर्ज करायचा होता, एका मिनिटात मंजूर झाला असता. हे त्यांना सुचलंच नव्हतं. त्यांच्या चेहऱ्यावर मला ते स्पष्ट दिसलं. मागावं, ही गोष्ट त्या माणसाच्या डोक्यात कधी आलीच नाही. त्यांच्या हिशेबी वस्तू दोनच प्रकारची: यादीत असलेली आणि चोरलेली.

मग त्यांनी मला ते सांगितलं जे त्यांनी झेंड्याजवळ उभं राहून कधी सांगितलं नव्हतं. मी विचारलं नव्हतं. कदाचित डॉक्टरांनी दिलेल्या मुदतीमुळे असेल.

गोळीबार थांबल्यावर त्यांच्या तुकडीत मेलेल्यांचं सामान घरी पाठवायचं होतं. मॅट्रिक झालेले आणि अक्षर चांगलं असलेले हे एकटेच. हवालदारानं जमिनीवर एक ताडपत्री अंथरून दिली, वही दिली, आणि म्हणाला, लिख. सात जणांचं सामान. कंगवा, एक. फोटो, दोन. साबणाचा तुकडा, एक. ज्यांच्याबरोबर आदल्या आठवड्यात एका मगातून चहा प्यायला होता त्यांचं. बाबांचे मोजे चार दिवस ओले होते आणि पायाची बोटं निळी पडली होती. चौथ्या माणसाच्या पिशवीत लोकरीच्या मोज्यांचा नवा जोड निघाला, घरी विणलेला, लाल काठाचा. बाबांनी तो घातला. तिथेच, ताडपत्रीवर बसून. आणि त्या माणसाची यादी मोज्यांशिवाय लिहिली.

महिन्याभरानं त्या माणसाच्या आईचं पत्र तुकडीत आलं. सामान मिळालं म्हणून लिहिलं होतं. त्यात मोजे नव्हते, तर थंडीच्या आधी त्याला ते पोचले होते की नाही, तेवढंच तिला हवं होतं. उत्तर लिहायला हवालदारानं पत्र बाबांकडेच दिलं, कारण अक्षर चांगलं.

“मी लिवलं,” बाबा म्हणाले, “पोचले होते. तुमचा पोरगा घालून होता.”

ते पडवीच्या फरशीकडे बघत होते. “तवापासून कोनतीच यादी म्या अपुरी देली नाई.”

मी तिथेच बाजेवर बसले. मला त्यांची दया यायला हवी होती. आली असेलही, मला नीट कळलं नाही. एका बावीस वर्षांच्या पोराचे पाय गारठले होते आणि त्यानं मोजे घातले. मी असते तर मीही घातले असते आणि बूटही काढून घेतले असते. पण मी माझ्या डोक्याला थांबवू शकले नाही. ते सौद्याचं डोकं आहे. त्यानं लगेच मांडणी केली. घेतलं कुणी, बाबांनी. कुणाचं, एका मेलेल्या शिपायाचं. परत कुणाला मिळालं, कुणालाच नाही; ती म्हातारी कुठल्याशा गावात कधीच गेली असेल. आणि त्याची किंमत दिली कुणी? माझ्या आईनं. जिनं आयुष्यभर भिंतीत खिळा मारला नाही, तिनं. तिचा त्या मोज्यांशी काय संबंध?

मी हे बोलून दाखवलं, याच शब्दांत. आवाज चढला नाही.

बाबा म्हणाले, “तुई माय समजली असती.”

मी म्हटलं, “समजली असती तं इचाराचं होतं. दोन वर्सं झाली होती तिले जाऊन, पन मी होतो ना जिती.”

मी वाट बघितली. शेजारच्या घरी कुकरच्या शिट्ट्या झाल्या, चार मोजल्या. मग मी उठून त्यांची गोळी आणून दिली, कारण गोळीची वेळ झाली होती.

पुढचे काही दिवस आम्ही नेहमीसारखे वागलो. मी चांदूर बाजारचा एक बगीचा घेतला आणि भावात मार खाल्ला, शेतकऱ्यानं मागितला तो दिला. त्यालाच संशय आला, दोनदा विचारलं, बाई, बरं आहे ना. घरी बाबा जेवत होते, औषध घेत होते, सकाळी पुस्तक उघडून बसत होते. पानं उलटत नव्हते. मला वाटायला लागलं की हे असंच राहणार. वर्ष म्हणा, सहा महिने म्हणा, आणि मग एकेचाळीस पावलांवर खड्डा, आणि आईला कुणी काही सांगणार नाही. सगळ्यांनी प्रामाणिकपणा केलेला असेल आणि तिला मात्र शब्द अजून कायम आहे असं वाटत राहील.

म्हणून गुरुवारी मी त्यांना गाडीत घातलं. डॉक्टर प्रवास नको म्हणाले होते. बाबांनी कुठे जायचं विचारलं नाही. बदलीचा हुकूम आल्यासारखे तयार झाले, पांढरा शर्ट घातला.

फाटकापासून आत न्यायला बराच वेळ लागला. चार पावलं चालायचे आणि थांबायचे. कंडक्टरची बायको तिथेच होती. बाबांना बघून ती उठली, पदर सावरला, दोन्ही हातांनी सलाम केला. ती धावत जाऊन रखवालदाराकडून एक खुर्ची घेऊन आली आणि दोन कबरींच्या मध्ये, पायाकडे ठेवली. बाबा बसले. आधी काळ्या दगडावरचं नाव वाचलं त्यांनी, सगळं, वाहक आणि निवृत्त धरून. मग आईकडे बघितलं. त्यांना धाप लागली होती. धाप थोडी कमी झाल्यावर त्यांनी खिशातून प्रार्थनेचं छोटं पुस्तक काढलं आणि चष्मा शोधायला लागले.

मी पुस्तक त्यांच्या हातातून घेतलं. बाई माझ्याकडे बघत राहिली. बघू दे म्हटलं. मी मोठ्यानं बोलते, चारचौघांत, ती माझी पद्धत आहे.

“प्रार्थना मंग करा, बाबा. ते तुमचं आन देवाचं. तुमी हिले येतो म्हनून सांगतलं होतं, माह्यासमोर. आता येत नाई, ते काहून येत नाई, जागा कोनी देली, कोनाले इचारून देली, ते मले नका सांगू. पाळकाले नका सांगू. हिले सांगा. तुमच्या तोंडानं सांगा. मी उभी हाओ इथंच, तुमी सांगेपर्यंत.”